मदत हवी आहे : आरएस-४८५ लाइनवर ६० ऐवजी ४० ओहम
आरएस-४८५ (दोन तारांवरून उपकरणांमध्ये डेटा पाठवण्याची पद्धत) वापरून एका कंट्रोलरला मोजणी करणारी ११ मीटर-उपकरणे ट्विस्टेड पेअर (एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांच्या) केबलने एकापुढे एक अशी जोडली असून, लाइनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी एक १२० ओहमचा रेझिस्टर मी स्वतः बसवला आहे. सर्व उपकरणांचा वीजपुरवठा बंद करून ए आणि बी या तारांमध्ये मोजले, तेव्हा दोन्ही रेझिस्टर समांतर असल्याने सुमारे ६० ओहम अपेक्षित असताना मल्टिमीटरवर ४० दिसले. म्हणजे तिसरा १२० ओहमचा रेझिस्टर बहुधा एखाद्या मीटरच्या आतच चालू राहिला असावा. शेवटचे दोन मीटर अधूनमधून उत्तर देत नाहीत.

लाइन मधोमध सोडवून, ज्या बाजूला १२० ऐवजी ६० ओहम येतील तिथेच पुढे शोधत जाणे योग्य ठरेल का? बायस रेझिस्टर (कोणीही डेटा पाठवत नसताना लाइन ठरलेल्या स्थितीत ठेवणारे) कंट्रोलरपाशी एकाच जागी द्यावेत, असे मला वाटते. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.