मदत हवी आहे: पीआरआय लाईनी मोकळ्या, तरी डीएसपी संपतात

मंडळी, निपाणीतल्या एका पतसंस्थेचं ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) मी बघतो. बाहेरच्या कॉलसाठी एक ई१ पीआरआय (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाईन), म्हणजे एकावेळी ३० कॉल. चिक्कोडी, संकेश्वर, खानापूरच्या शाखा आयपीवरून (डेटा नेटवर्कवरून) जी.७२९ ने, म्हणजे आवाज दाबून पाठवणाऱ्या कोडेकने, जोडल्यात. बाजारादिवशी सकाळी पीआरआयवर लाईनी मोकळ्या दिसतात, पण शाखेतून फोन लावला की नुसती टूं-टूं. लॉगमध्ये डीएसपी (आवाजाचं रूपांतर करणारी कार्डावरची चिप) चॅनेल शिल्लक नसल्याची ओळ.

जी.७२९ ला चिपवर जी.७११ पेक्षा (आवाज फारसा न दाबणारा साधा कोडेक) बराच जास्त भार पडतो, त्यामुळे चॅनेल कमी बसतात, हे ठाऊक आहे. त्यात वसुलीवाल्यांची कॉन्फरन्स लागली की तीही त्याच पूलमधून (चॅनेलच्या सामायिक साठ्यातून) खाते. (ती कॉन्फरन्स लवकर संपत नाही, हे वेगळं सांगायला नको.)

सगळं जी.७११ वर न्यायचं तर कॉलमागे एका दिशेला हेडरसकट ८०-९० केबीपीएस लागतात, जी.७२९ चं तीसेकमध्ये भागतं. खानापूरची लाईन पावसाळ्यात आधीच रडते.

खरी शंका वेगळीच आहे. संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावरही चार-पाच डीएसपी चॅनेल बिझी दिसतात, कार्ड रीसेट केल्यावरच सुटतात. कॉल तुटूनही चॅनेल पूलमध्ये परत का येत नसतील? कॉन्फरन्सला वेगळा डीएसपी राखून कुणी बघितलाय का? नवीन कार्ड सुचवू नका, संचालक मंडळ नाही म्हणून बसलंय.