बी.एड.ला प्रवेश घेण्याआधी कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या जागांचा अंदाज कसा घ्यायचा?

गारगोटीकरीण
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सीझनल आहे, पट्टा पडला (गाळप संपलं) की घरी. बी.एड. करायचं डोक्यात आहे. सासूबाई म्हणतात, "कर, पोराला मी बघते." नवरा म्हणतो, आधी नोकरीचं बघ, मग फी भर. (एरवी त्याचं ऐकत नाही, पण इथं मुद्दा बरोबर आहे.) क्लासवाल्यांना विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, भरपूर जागा आहेत!" कुठं? तर महाराष्ट्रात. मला कोल्हापूर जिल्ह्याचं पाहिजे. चंदगड, शाहूवाडी कुठंही जाईन, पण जिल्हा सोडणार नाही. कुठं बघू, कुणाला विचारू?

घाटावरचा मास्तर
ताई, मी झेडपीचा शिक्षक. आधी रत्नागिरीत होतो, बदलीनं इकडं आलो.

पवित्र पोर्टलवर (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) मागच्या भरतीत आलेल्या जाहिराती काढून वाचा. कोल्हापूर झेडपी, महापालिका, खासगी अनुदानित संस्था, सगळ्यांच्या वेगळ्या असतात. नुसता एकूण आकडा बघू नका. माध्यम, विषय आणि बिंदूनामावलीप्रमाणे (आरक्षणाच्या जागांचा तक्ता) प्रवर्ग बघा. जागा असते, पण आपल्या प्रवर्गाची नसते, हे दरवेळी घडतं.

आता क्लासवाले सांगत नाहीत ते. आपल्याकडची पोरं सिंधुदुर्ग, रत्नागिरी, पालघरला लागतात आणि रुजू झाल्यापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघतात. मीही तेच केलं. त्यामुळं इथं कागदावर रिकामी दिसणारी जागा नव्या माणसापर्यंत येईलच असं नाही. शिवाय पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, घटला की संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांचंही दुसऱ्या शाळेत समायोजन करावं लागतं. झेडपीच्या शिक्षण विभागात जाऊन दोनच गोष्टी विचारा: बदलीनं किती आले आणि अतिरिक्त किती ठरले? तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

बी.एड.वर पहिली ते पाचवी आता मिळत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०२३ चा निकाल आहे. तुमच्यासाठी सहावी ते आठवी गणित-विज्ञान, त्याला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर. १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. नववी-दहावीला टीईटी नाही, पण अभियोग्यता चाचणी (शिक्षक भरतीची वेगळी परीक्षा) दोन्हीकडं द्यावीच लागते. लागल्यावर पहिली तीन वर्षं पूर्ण पगार नाही, शिक्षणसेवक म्हणून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० मानधन. घरी हा हिशोब आत्ताच सांगून ठेवा.

उचगाव फाटा
मी इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत आहे. गणित-विज्ञानाला मागणी आहे, त्यात खोटं नाही, पण डेमो लेक्चर इंग्रजीत घेतात. आणि ताई, पगार किती हे विचारताना "मे महिन्याचा मिळतो का?" हेही विचारा. आमच्यात कित्येकांना जूनमध्ये नव्यानं नेमणूक देतात, मग मे कोरडाच. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, असलीही शाळा मी बघितलीय. मुख्याध्यापकांना विचारू नका, स्टाफरूममधल्या बाईंना विचारा. त्या खरं सांगतात.

गारगोटीकरीण
दोघांचेही आभार. बदलीचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. गुरुजी, एक सांगा, आमच्या भुदरगडातल्या एखाद्या हायस्कूलचा पट घटतोय की टिकून आहे हे घरबसल्या कळतं का?

घाटावरचा मास्तर
कळतं. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक (शाळांच्या सरकारी नोंदणीतला) असतो. त्यावरून यूडायसच्या संकेतस्थळावर त्या शाळेची पटसंख्या आणि शिक्षकसंख्या निघते. मागची तीन-चार वर्षं शेजारी ठेवून बघा. निवृत्तीला कोण आलंय ते मात्र शाळेतल्या शिपाईमामांना विचारा, त्यांच्याकडं सगळ्यांच्या तारखा पाठ असतात. अनुदानित संस्थेत कुणी "आत्ताच थोडे पैसे भरून जागा धरून ठेवा" म्हणालं तर चहा पिऊन उठायचं.