शाब्ली, तेर्वार, क्लिमा आणि गारगोटीचा वास: मराठीत काय म्हणायचं?

माझा भाचा फ्रान्समध्ये असतो, यावेळी येताना शाब्ली या फ्रेंच पांढऱ्या वाईनची एक बाटली घेऊन आला, प्रीमिए क्रू दर्जाची, फुर्शोम नावाची. रविवारी सगळे जमले तेव्हा उघडली. बाबा 78 वर्षांचे, आयुष्यात वाईन दोन-तीनदा घेतली असेल, त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, 'अगं, अंधारात गारगोट्या एकमेकींवर घासायचो आम्ही, ठिणगी पडल्यावर यायचा ना, तो वास येतोय.' भाचा बघतच राहिला, कारण तिकडे शाब्लीबद्दल बोलताना लोक अगदी हेच म्हणतात, 'प्येर आ फ्युझी', म्हणजे चकमकीचा दगड. आणि गंमत म्हणजे 'फ्युझी' म्हणजे आज बंदूक असली तरी आधी त्याचा अर्थ चकमकीवर मारायचं पोलाद असा होता, बंदुकीचा अर्थ नंतर आला. म्हणजे बाबांना आठवलेली वस्तू आणि फ्रेंच शब्दातली वस्तू एकच.

बाबांना आता त्या बाटलीवर काय काय लिहिलंय ते सगळं समजून घ्यायचंय, मी म्हटलं मराठीत लिहून देते. बसले लिहायला तर पहिल्याच ओळीत 'तेर्वार'शी अडले. एका ठिकाणी 'मृदागंध' असं भाषांतर वाचलं, एका ठिकाणी 'भूप्रदेश'. दोन्ही पटेनात. मग क्लिमा, क्रू, आणि ड्राय हे तीन उरतातच. सुचवा ना काहीतरी, जे 78 वर्षांच्या शेतकरी माणसाला वाचून कळेल.

---

ताई, 'मृदागंध' नकोच. तो पहिल्या पावसाचा वास, आणि तेर्वार म्हणजे वास नव्हेच. तेर्वारमध्ये माती आहे, उतार आहे, ऊन कुठल्या बाजूने पडतं ते आहे, पाणी धरतं की निचरा होतो ते आहे, आणि माझ्या मते पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबणाऱ्या माणसांची सवय पण आहे. शब्द आला 'तेर' वरून, म्हणजे जमीन, लॅटिनमधला 'तेरा'.

पण मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'गू द तेर्वार' म्हणजे तेर्वारची चव ही निंदा होती, वाईनला मातकट, रांगडी चव आहे असं म्हणायचं असेल तर असं म्हणायचे. नंतर तोच शब्द मानाचा झाला. आपल्याकडे 'गावठी' शब्दाचं अगदी हेच झालंय बघा. आमच्या लहानपणी 'काय गावठी आहेस' म्हणजे शिवी होती, आणि आज गावठी अंडी, गावठी तूप, गावठी कोंबडी असं लिहिलं की भाव चढा. म्हणून भाषांतर म्हणून नाही पण बाबांना समजवायला 'गावठी' हा शब्द फार कामाचा आहे, त्यांना तो प्रवास एका वाक्यात कळेल.

---

भाषांतरच हवं असेल तर आपल्याकडे 'गुण' आहे की. 'त्या मातीचा गुण आहे', 'तिथल्या पाण्याचा गुण आहे' असं आपण माणसांबद्दलही म्हणतो आणि वांग्यांबद्दलही. जळगावचं भरिताचं वांगं दुसरीकडे लावलं की तसं होत नाही, मंगळवेढ्याची ज्वारी दुसऱ्या रानात तशी येत नाही, हे सांगताना आजी 'जमिनीचा गुण' एवढंच म्हणायची आणि त्यात हवा, पाणी, ऊन सगळं आलेलं असायचं. मी तर 'भुईगुण' असा शब्द करीन, ऐकल्याबरोबर कळतो.

---

भुईगुण झकास! मी निफाडकडचा, द्राक्षबागायतदार, म्हणून जमिनीबद्दल दोन शब्द लिहितो कारण शाब्लीत सगळा खेळ तिथूनच सुरू होतो.

शाब्ली हे फ्रान्समधल्या बर्गंडी या वाईनच्या मुलखाचं अगदी उत्तरेचं टोक, योन जिल्ह्यात, ओसेर शहराजवळ, सरँ नावाच्या लहान नदीच्या दोन्ही बाजूंना. बर्गंडीच्या वाईनचं मुख्य गाव बोन तिथून शंभरएक किलोमीटर लांब, त्यापेक्षा शँपेनचा मुलूख जवळ. द्राक्ष फक्त शार्दोने, आणि तिथले जुने लोक त्याला 'बोन्वा' म्हणतात, म्हणजे 'बोनकडचं', जसं आपण एखाद्या जातीला ती जिथून आली त्या गावावरून हाक मारतो. जमीन म्हणजे चुनखडी आणि चिकण मातीचा थर, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. त्यात बारीक बारीक कालवांचे शिंपले दगड होऊन पडलेत, आकार स्वल्पविरामासारखा. या थराला किमेरिजियन म्हणतात, इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या किमेरिज गावावरून.

आता आपल्याकडे 'चुनखड' म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण चुना जास्त असला की वेलीला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. तिकडेही हाच त्रास आहे. फायलोक्झेराने, म्हणजे मुळावरच्या त्या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बागा संपवल्या, मग अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली आणि चुनखडीत टिकेल असा खुंट शोधावा लागला. आपण डॉगरीज खुंट वापरतो तो खारवट जमीन आणि पाणीटंचाईसाठी. दुखणं वेगळं, उपाय तोच, खुंट बदला. पण ज्या चुनखडीला आपण दोष म्हणतो त्यावर त्यांनी जगभर नाव कमावलं, हे मला फार मोठं वाटतं, भुईगुण म्हणजे नुसती चांगली जमीन नव्हे एवढं तरी यातून कळावं.

अजून एक. शाब्लीला एप्रिल-मे मध्ये कोवळी फूट आलेली असते आणि रात्री पारा शून्याखाली जातो. मग बागेत रात्रभर शेगड्या पेटवतात, किंवा वेलींवर तुषार मारतात, पाण्याचा बर्फ होतो आणि त्या बर्फाच्या आतला कोंब वाचतो, कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं. निफाडला कडाका पडला की आम्ही रात्री बागेत शेकोट्या करतो आणि विहिरीचं पाणी सोडतो. आमच्याकडे मणी तडकायची भीती, त्यांच्याकडे अख्खा हंगाम जायची, पण पहाटे तीनला बागेत उभं राहून तापमान बघणाऱ्या माणसाच्या पोटातला गोळा सारखाच असणार.

---

क्लिमासाठी माझ्याकडे एक जुना शब्द आहे. बर्गंडीत क्लिमा म्हणजे हवामान नाही, तिथेच लोक फसतात. ठरलेल्या हद्दीचा, नाव असलेला, पिढ्यान्‌पिढ्या वेगळा म्हणून ओळखला गेलेला वावराचा तुकडा म्हणजे क्लिमा. शाब्लीत ग्रां क्रूचे, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे, असे सात क्लिमा आहेत, सगळे नदीच्या उजव्या काठावर एकाच टेकडीला, सगळे मिळून जेमतेम 100 हेक्टर. ब्लांशो, ले क्लो, वाल्म्युर, ग्रनुई, वोदेझीर, प्रझ, बुग्रो. ले क्लो म्हणजे कुंपण घातलेलं आवार, ग्रनुई म्हणजे बेडूक, तो तुकडा उताराच्या पायथ्याशी नदीजवळ आहे. किती आपल्यासारखी नावं आहेत ही! आमच्या गावी चिंचेची पट्टी, पाणंदीकडचं, भुताचा मळा अशी नावं अजून चालतात, सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो तरी.

तर शब्द 'थळ'. देशावरच्या जुन्या गावकामगारी कागदांत गावची जमीन थळांमध्ये वाटलेली असायची, त्याच्या यादीला थळझाडा म्हणत. थळाला नाव असायचं, आणि ज्या घराण्याचं ते नाव ते घराणं गाव सोडून गेलं तरी थळाचं नाव राहायचं. क्लिमाला याच्याइतका जवळचा शब्द मला तरी दुसरा दिसत नाही. 'प्लॉट' म्हटलं की गुंठेवारी डोळ्यांसमोर येते, 'भूखंड' म्हटलं की घोटाळा.

---

थळ!! अहो दादा, बाबांना फोनवरच विचारलं, त्यांनी लगेच सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या तोंडी होता हा शब्द. ठरलं.

आता क्रू राहिला. आणि ड्रायला मी 'तुरट' लिहिलंय, चालेल का?

---

तुरट नको ताई, प्लीज. ही चूक मराठीत फार पसरलीय. तुरट म्हणजे कच्च्या सुपारीने, जांभळाने जीभ ओढल्यासारखी होते ते, ते टॅनिनमुळे, आणि ते मुख्यतः सालींबरोबर मुरवलेल्या लाल वाईनमध्ये. ड्राय, फ्रेंचमध्ये 'सेक', म्हणजे फक्त एवढंच की रसातली जवळपास सगळी साखर आंबवताना संपून गेली, गोडवा उरला नाही. 'कोरडी' हा शब्दशः होतो पण ओल्या वस्तूला कोरडी म्हणताना मराठी कान बिथरतो. साधं 'बिनगोड' लिहा. आणि शाब्लीत जे जाणवतं ते आंबटपण, थंड मुलखातल्या द्राक्षाचं, कच्च्या हिरव्या सफरचंदाकडे आणि लिंबाकडे झुकणारं.

क्रूचं भाषांतर करू नका. शब्दाचा मूळ अर्थ 'वाढलेलं', पिकलेलं. पण बाटलीवर तो कायद्याचा शब्द आहे, पती शाब्ली, शाब्ली, शाब्ली प्रीमिए क्रू आणि शाब्ली ग्रां क्रू अशा चार पायऱ्या, शाब्लीचं नाव 1938 पासून कायद्याने राखलेलं. हे राखणं किती गरजेचं होतं ते बघा, अमेरिकेत कितीतरी वर्षं कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाईनला 'शाब्ली' म्हणून विकलं गेलं, त्यात शार्दोनेचा थेंब नसला तरी. दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात तेव्हा देवगडच्या बागायतदाराला जे वाटतं तेच यांना वाटलं असणार.

---

मी अलिबागची. गारगोटी बरोबरच आहे पण शाब्लीत अजून एक चव आहे तिला इंग्रजीत 'सलाईन' म्हणतात आणि मराठीत लोक 'खारट' लिहितात, ते चूक. खारट म्हणजे मीठ जास्त पडलं. ही चव म्हणजे खडकावरून कालवं काढून शिंपला फोडला की आत जे थोडंसं पाणी असतं ना, ते. फ्रान्समध्ये शाब्ली कच्च्या कालवांबरोबरच पितात, आणि जमिनीत पण कालवंच, म्हणून लोकांना वाटतं की ती चव मुळांतून वर चढली. तसं होत नाही म्हणतात भूगर्भवाले, दगडातली खनिजं थेट ग्लासात चवीला येत नाहीत, ठिणगीचा वास बहुतेक आंबवताना होणाऱ्या गंधकाच्या संयुगांचा, आणि नव्या लाकडी पिंपाचा वास बहुतेकदा वर चढवलेला नसतो म्हणून तो झाकला जात नाही. पण म्हणून शब्द खोटा ठरत नाही. गारगोटी म्हणणारा कुठे म्हणतो की आत गारगोटी विरघळलीय, तो वासाची ओळख सांगतोय.

आणि बाबांना सांगा, पुढच्या वेळी फार गार देऊ नका म्हणावं, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची, 10-12 डिग्रीला वास खुलतो, बर्फगार असेल तर नुसतं आंबट लागतं.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांसाठी लिहिलेला कागद असा झाला:

'शाब्ली. बर्गंडीच्या उत्तर टोकाची पांढरी वाईन, सगळी शार्दोने द्राक्षाची. फुर्शोम हे थळाचं नाव, सरँ नदीच्या उजव्या काठचं. प्रीमिए क्रू ही कायद्याने ठरवलेली वरून दुसरी पायरी. चुनखडीची जमीन, समुद्राचा जुना तळ, त्यात कालवांचे दगड झालेले शिंपले. बिनगोड. वासाला ठिणगी पडलेली गारगोटी, चवीला कच्चं सफरचंद आणि कालवाच्या शिंपल्यातलं पाणी. हा तिथला भुईगुण.'

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. एकच दुरुस्ती सांगितली, 'ठिणगी पडलेली गारगोटी' नको, 'घासलेली गारगोटी' लिही, ठिणगी पडली नाही तरी वास येतो. तशी केली.