मदत हवी आहे: गुडघ्यावरच्या फ्लेक्स पीसीबीला घडीत आणि घामात टिकेल असं आवरण

नमस्कार मंडळी,

गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी व्यायाम करताना गुडघा किती वाकतोय हे मोजणारी पट्टी आम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बनवतोय. पीसीबी (वाकणारी सर्किटची पट्टी) पॉलिइमाइड या लवचीक प्लॅस्टिकची, तांब्याचा एकच थर, त्याच्या दोन्हीकडे सारख्या जाडीचं पॉलिइमाइड, म्हणजे तांबं बरोबर मधोमध. ट्रेस (तांब्याच्या बारीक वाटा) तुटत नाहीत. गाडी अडलीय ती आवरणापाशी.

सध्या वरून सिलिकॉन ओततो (सिलगार्ड १८४, दहा भागांना एक भाग हार्डनर). अंगाला मऊ लागतं, पण वाटीवर जिथे घडी पडते तिथे ते कडेनं सुटतं. नख घातलं की अख्खा थर सालीसारखा निघतो. फटीत घाम शिरून सोल्डरच्या पॅडांपाशी हिरवट डाग धरतात.

घडीच्या फोनांतली ३० मायक्रॉनची काच इथे नकोच. तिच्यावरही प्लॅस्टिकचा थर लागतोच. टीपीयूची (रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक) फिल्म हीट प्रेसनं बसवली तर चिपचं काय होईल? पुण्यात थोड्या नगांना पॅरिलीन (वाफेतून बसवायचं प्लॅस्टिकचं अतिपातळ आवरण) कोणी करून देतं का? वापरणारे बहुतेक साठीपुढचे, त्वचा नाजूक, त्यामुळे कड टोचता कामा नये.

प्रतिसाद:

पॉलिइमाइडवर सिलिकॉन आपणहून धरत नाही, आधी पकड वाढवायला प्लाझ्माची प्रक्रिया किंवा प्रायमरचा लेप लागतो. आणि घट्ट धरलं तरी पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते, म्हणून घामासाठी एकट्या सिलिकॉनवर विसंबू नका.

मी असतो तर आत पॅरिलीन-सी आणि बाहेर टीपीयू घेतलं असतं. पॅरिलीन काही मायक्रॉनचंच असतं आणि साध्या तापमानाला बसतं. बॅटरी काढून, कनेक्टर झाकून बोर्ड द्या. मात्र घासलं की ते ओरखडतं, म्हणून वर टीपीयू. ते सगळीकडे दाबून चिकटवू नका. दोन फिल्मांच्या फक्त कडा वेल्ड करा, चिपपर्यंत उष्णता जाणारच नाही. पट्टी आत मोकळी राहिली तर वाकताना थर एकमेकांवर सरकतात आणि ताण कमी येतो. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) मात्र टाळा. ते ताठ असतं. एकाच बाजूला चिकटवलंत तर बिनताणाची पातळी (वाकताना जिथे ताणही येत नाही, दाबही नाही) तांब्यावरून सरकते आणि आज शाबूत असलेले ट्रेस तुटायला लागतील.

धागाकर्ता:

मनापासून आभार! कडा वेल्ड करायचं डोक्यातच आलं नव्हतं. पट्टी आत मोकळी ठेवली तर सेन्सर वाटीवरून सरकून कोन चुकणार नाही ना? मांडीकडचं टोक तेवढं पक्कं केलं तर चालेल का?