स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम घेतला, पण पहिल्याच स्प्रिंगमधे (गेममधला पहिला सीझन) एनर्जी बी पुरंना अन् पैसे बी. काय करावं?

सेलूचा_गेमर:

राम राम मंडळी. मामाच्या पोरानं लई डोकं खाल्लं म्हणून मोबाईलवर स्टारड्यू व्हॅली घेतली, म्हणला एकदाच पैसे द्यायचे, जाहिराती नाहीत अन् नेट नसलं तरी चालतो, ते मात्र खरं निघालं. पण मला अजून गेमचा सूरच लागंना गेलाय. आता स्प्रिंगची ६ तारीख चालू आहे. सकाळी उठलं की झाडं तोडतो, दगडं फोडतो, रान साफ करायलो तर दुपार व्हायच्या आत एनर्जी खल्लास, मग उरलेला दिवस नुस्तं गावात हिंडायचं. परवा रात्री दोन वाजता माणूस रस्त्यातच आडवा झाला अन् सकाळी पैसे कापलेले. हातात पाचशेच्या आतबाहेर गोल्ड (गेममधले पैसे) आहे. मासे तर एक सापडंना, मासा धरताना ती हिरवी पट्टी कुठं पळती काय की.

तर जाणकारांनी सांगा, पीक कोणतं लावू, रान आधी साफ करू का नको, अन् त्या जोजा नावाच्या मोठ्या दुकानवाल्याची ५००० ची मेंबरशिप घ्यायची असती का? अजून एक, गेममधे रान आपल्याला देऊन वारलेले आजोबा तिसऱ्या वर्षी परत येणार म्हणतेत, तोवर काही ठरलेलं कमवावं लागतंय का? घरी सोयाबीन अन् तूर आहे आमची, म्हणलं शेतीचा गेम सोपा जाईल, पण इथं उलटंच.

लातूरची_पोर:

दादा, आधी ती कुऱ्हाड खाली ठेवा 😄 अख्खं रान साफ करायची काहीच गरज नाही, गेम संपेपर्यंत अर्धं रान तसंच ठेवणारे लोक आहेत. सुरुवातीला तुमच्याकडं २७० एनर्जी असती अन् कुऱ्हाड, टिकाव, कुदळ, झारी काहीही एकदा चालवलं की २ जाती, म्हणजे दिवसाला सव्वाशेच्या आसपास घाव, बस. त्यातनं रोजचं पाणी आधी वजा करा अन् मग काय उरतंय ते बघा. विळ्याला मात्र एनर्जी लागत नाही, गवत कितीबी कापा, पण सायलो (चाऱ्याची कोठी) बांधलेला नसंल तर त्या गवताचा चारा साठत नाही, वाया जातो, म्हणून जनावरं घ्यायच्या विचारात असाल तर गवत राहू द्या.

एनर्जी वाढवायला खायचं. रस्त्यानं जे रानातलं सापडतं, कांद्यासारखं, मुळ्यासारखं, ते सगळं विकू नका, थोडं खायला ठेवा. १५ ते १८ तारखेला झुडपांना सॅमनबेरी लागती, ती फुकट आहे, चारी दिवस झुडपं हलवत फिरायचं अन् पिशवी भरून घ्यायची, खाणीत लई कामाला येती. फोरेजिंगची (रानातलं गोळा करायची) पहिली लेव्हल झाली की फील्ड स्नॅक नावाचा खाऊ बनवता येतो, तीन प्रकारच्या झाडांचं एकेक बी लागतं, बाकी काही नाही.

आता पैसे. महापौरानं बी दिलेले १५ पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखे) काढले असतील तर ते विकून बटाटे लावा. बी ५० ला, सहा दिवसात येतं, ८० ला जातं, अन् कधी कधी एका झाडाला दोन बटाटे निघतेत. पार्सनिप २० ला अन् ३५ ला, चार दिवसात, तेबी वाईट नाही. फ्लॉवरला १२ दिवस लागतात, त्यात आत्ता सगळा पैसा अडकवू नका कारण १३ तारखेला अंड्यांचा सण असतो अन् तिथल्या दुकानात स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १०० ला एक. वर्षातनं तेव्हाच मिळतं. त्या दिवसापर्यंत जितकं गोल्ड हातात राहील तितकं चांगलं.

अन् हे नीट ऐका, सणाला जायच्या आधी सकाळीच जमीन उकरून पाणी मारून ठेवायची. सणातनं परत येता तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतेत, मग नुस्तं बी टाकायचं अन् झोपायचं. १३ ला लावलं तर २१ ला पहिलं पीक अन् २५ ला दुसरं, एकेक स्ट्रॉबेरी १२० ला. १४ ला लावलं तरी दोनदा निघतंय, पण तोवर बसायचं कशाला. एकदा सीझन बदलला की रानातलं जुनं पीक दुसऱ्या दिवशी सगळं मेलेलं असतं, तेवढं ध्यानात ठेवा, २८ दिवसांचाच सीझन आहे.

रात्री दोनच्या आत गादीवर. रस्त्यात पडलात तर १० टक्के गोल्ड जातं, जास्तीत जास्त १०००, अन् बारानंतर झोपलं तरी दुसऱ्या दिवशी एनर्जी कमी मिळती.

निवांत_नांदेड:

ताईनं सांगितलं ते सगळं बरोबर आहे पण मी म्हणतो एवढी घाई काहून करायची राव. हिशोबाच्या मागं लागलं की गेम मंजे नोकरी होऊन बसती. आजोबांचं म्हणाल तर ते तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी येतेत, मार्क देतेत अन् जातेत. कमी मार्क पडले तर गेम संपत बिंपत नाही, नंतर त्यांच्या समाधीपाशी एक हिरा ठेवला की परत मार्क देतेत. तिथं कुणी घराबाहेर काढत नाही.

अन् भाऊ तुम्ही शेतकरी आहात म्हणून सांगतो, या गेममधली शेती बघून तुम्हाला हसूच येईल. पाणी द्यायचं राहिलं तर पीक वाळत नाही, नुस्तं त्या दिवशी वाढत नाही. टीव्हीवर उद्या पाऊस म्हणले की पाऊस पडतोच. भाव रोज तोच, मोंढ्यात गाडी लावून आडत्याच्या तोंडाकडं बघत बसायचं नाही, विक्रीच्या पेटीत माल टाकला की सकाळी पैसे जमा. माझे वडील एकदा शेजारी बसून बघत होते, म्हणले ह्याच्यात हमाली कोण घेतंय 😂

जोजाची मेंबरशिप अजिबात घेऊ नका, निदान पहिल्या वेळेला तरी. ती घेतली की गावातलं जुनं कम्युनिटी सेंटर कायमचं जातं, तिथं त्यांचं गोदाम होतं अन् त्या सेव्हमधे ते परत फिरवता येत नाही. सेंटर कसं उघडतं तर ५ तारखेनंतर पाऊस नसलेल्या दिवशी सकाळी ८ ते दुपारी १ च्या मधी बसस्टॉपकडून गावात शिरायचं, महापौर स्वतः येऊन दाखवतो. आतमधे वेगवेगळ्या वस्तूंचे गठ्ठे भरायचे असतेत, त्यातली पँट्री नावाची खोली पूर्ण केली की ग्रीनहाऊस मिळतं अन् मग बाराही महिने काहीही लावा. म्हणून प्रत्येक पिकाचा एक नग विकायचा नाही, साठवायची वेगळी पेटी बनवून त्यात ठेवायचा, पेटीला फक्त ५० लाकूड लागतं. स्प्रिंगच्या गठ्ठ्याला पार्सनिप, बटाटा, फ्लॉवर अन् घेवडा लागतो. घेवडा वेलाचा असतो, त्याच्यातनं चालता येत नाही, कडंला लावा नाहीतर स्वतःच कोंडून बसाल.

सेलूचा_गेमर:

लई धन्यवाद दोघांना. बटाटे आणायला निघालो होतो पण भीती अशी की जाऊन बघावं अन् दुकान बंद असावं, परवा एकदा तसंच झालं. काही टायमिंग असतंय का त्या बियाणंवाल्या पिएरचं?

लातूरची_पोर:

असतंय की. ९ ते ५ अन् बुधवारी बंद. महिन्याची १ तारीख कायम सोमवारी येती, म्हणजे ३, १०, १७ अन् २४ ला जायचं नाही. जोजामार्ट बुधवारीबी चालू असतं, पण बी महाग.

हां, बुजगावणं राहिलं सांगायचं. १५ पार्सनिप काढले की शेतीची पहिली लेव्हल होती अन् त्याची कृती मिळती, ५० लाकूड, १ कोळसा, २० फायबर. लगेच बनवा, नाहीतर कावळे स्ट्रॉबेरी खातील, अन् मग इथं येऊन मला बोलू नका.

पैठणचा_गळ:

मासेमारीवर कुणी बोलंना म्हणून मी बोलतो. शिकलं तर सुरुवातीला याच्याइतका पैसा कशातच नाही, बी नको, पाणी नको, रानात काही नसलं तरी संध्याकाळी हातात गोल्ड. पण पहिल्या लेव्हलला हिरवी पट्टी बारकी असती म्हणून सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो. विली कोळ्याच्या दुकानात २५ गोल्डला ट्रेनिंग रॉड (शिकाऊ गळ) मिळतो तो घ्या, त्याच्यावर पट्टी मोठी येती. साधेच मासे लागतेत पण लेव्हल वाढती, अन् लेव्हल वाढली की साध्या गळावरबी पट्टी मोठी होत जाती. बोट दाबून धरायचं नाही, टकटक टकटक करत मासा पट्टीच्या आत धरून ठेवायचा, मासा झपकन वर गेला तरच दाबायचं. पट्टी जोरात खाली आपटली की उसळी मारती, तिथंच बरेच मासे सुटतेत. समुद्रावर जमंना तर डोंगराकडच्या तळ्यावर बसून बघा.

खाणबी ५ तारखेलाच उघडली असंल तुमची. पाऊस असंल त्या दिवशी पाणी द्यायचं नसतं, सगळी एनर्जी खाणीत घालायची. दर पाच मजल्याला लिफ्ट थांबती, म्हणजे पाचच्या पटीत मजला गाठूनच परत फिरायचं, चौथ्या नाहीतर नवव्यावरनं माघारी आलात तर मेहनत पाण्यात. वरच्या ३९ मजल्यांत तांबं, त्याच्या खाली लोखंड, ८० च्या पुढं सोनं. तांबं सापडलं की दुसऱ्या दिवशी लोहार भट्टीची कृती देऊन जातो. मोबाईलच्या सेटिंगमधे ऑटो अटॅक (आपोआप वार) आहे, तो चालू ठेवा, टचवर तलवार फिरवत बसायला जमत नाही.

झारी तांब्याची करून घ्यायची असंल तर २००० गोल्ड अन् ५ तांब्याच्या विटा लागतेत अन् दोन दिवस लोहाराकडं ठेवावी लागती. म्हणून टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला त्याच दिवशी पाणी मारून झालं की चारच्या आत झारी त्याच्याकडं टाकायची, मधला दिवस पाऊस बघून घेतो, परवा सकाळी झारी परत. दोन दिवस झारीवाचून बसायची पाळी येत नाही.

माळेगावची_मैना:

मधीच विचारते, माफ करा. मला खेळायचाय पण इंग्रजी जेमतेम. हिंदी मराठी काही आहे का ह्याच्यात?

निवांत_नांदेड:

नाही ताई, जपानी, तुर्की, हंगेरियन सगळं आहे पण हिंदी मराठी नाही. तरी अडत नाही बघा. वस्तूंची चित्रं आहेत, नावं तीच तीच येतेत, आठवड्यात तोंडपाठ होतेत. लोकांच्या गप्पा नाही समजल्या तर फक्त भेट द्यायची, आठवड्यातनं माणसी दोन भेटी चालतेत अन् वाढदिवसाला दिलेली भेट आठपट मोजली जाती. कॅलेंडर पिएरच्या दुकानाबाहेर लावलेलं आहे, त्याच्यावर तोंडं छापलेली आहेत, वाचायचीबी गरज नाही. अन् हा एवढा मोठा गेम एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं बनवलाय, चित्रं, संगीत, कोडिंग सगळं, २०१६ ला कॉम्प्युटरवर आला अन् अँड्रॉइडवर २०१९ ला. अपडेट अजून फुकटच देतो बिचारा.

सेलूचा_गेमर:

बायको म्हणायली आधी लग्न कुणाशी करणार ते सांग 😅 ते राहू द्या. शेवटचं विचारतो, स्ट्रॉबेरीचे पैसे आले तर ते कशात घालू? मोठी बॅग २००० ला दिसायली, का कोंबड्या?

लातूरची_पोर:

बॅग. १२ खणांवर खाणीत काहीच आणता येत नाही, बॅग आधी. कोंबड्यांच्या खुराड्याला ४००० गोल्ड, ३०० लाकूड अन् १०० दगड, वर रोजचा चारा, ते समरमधे (स्प्रिंगनंतरचा सीझन) बघा. अन् सगळं उडवू नका, समरच्या १ तारखेला ब्लूबेरीचं बी घ्यायला पैसे पाहिजेत. ८० ला एक, १३ दिवस घेती, मग दर चार दिवसाला तीन तीन फळं, ५० ला एक. १ तारखेला लावलं तर १४, १८, २२, २६ असे चार तोडे होतेत अन् दोन दिवसबी उशीर झाला की शेवटचा तोडा घावतो का नाही ते मोजत बसावं लागतं. १ ला सोमवार असतो, दुकान नऊला उघडतं, साडेआठलाच दारात जाऊन थांबा.

पैठणचा_गळ:

ताई तीन दिवस उशीर झाला तर जातो चौथा तोडा. २ ला नाहीतर ३ ला लावलं तरी २८ च्या आत बसतंय.

लातूरची_पोर:

हाव, बसतंय. पण दादाला आत्ताच ढील देऊ नका, आधीच रस्त्यात झोपायलेत.