मसाज वरच्या दिशेने की खालच्या?

एका ताईंनी विचारलंय, चेहऱ्याला मसाज करताना हात वर न्यायचा की खाली? सकाळी डोळ्यांखाली सूज असेल तर नाकाकडून कानाकडे आणि तिथून मानेवरून खाली, गळ्याखालच्या हाडापर्यंत न्या. अगदी हलक्या हाताने हं, लसिका, म्हणजे पेशींभोवती साचणारं जास्तीचं पाणी, त्याच वाटेने वाहते. सूज उतरते, सुरकुत्या मात्र याने जात नाहीत.

मला खरा फरक जबड्यात जाणवला. दात घट्ट मिटले की कानाखाली, गालाच्या मागच्या बाजूला एक स्नायू टणक लागतो. तिथे बोटांनी गोल गोल, दोन मिनिटं. दिवसभर दात आवळून काम करणाऱ्यांनी नक्की करून बघा.

नाशिकच्या थंडीत गाल तडतडतात, तेव्हा बदाम तेलाचे ४-५ थेंब तळहातावर चोळून कोमट करून घेते. पिकलेल्या मुरमांवर मात्र अजिबात चोळू नका.