बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल: घरघर येतेय आणि सूर डुलतोय, मोटर बदलू का?

मंडळी, सेकंडहँड बेल्ट-ड्राइव्ह रेकॉर्ड प्लेयर घेतलाय (मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते तो), स्प्रिंग सस्पेन्शनवाला. शहनाईचा लांब सूर लागला की डुलतो, शिवाय शांत जागी बारीक घरघर. मोटर गेली का?

– थांबा, लगेच खर्च नको. बेल्ट काढा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवा आणि मोटर चालू-बंद करून ऐका, घरघर मोटरबरोबर येत-जात असेल तर कंपनं टोनआर्मपर्यंत (सुईच्या दांड्यापर्यंत) पोचतायत, मोटरखालचे रबर कडक झाले असतील. मोटर बंद असतानाही सतत असेल तर अर्थिंग बघा.

– सूर दर १.८ सेकंदांनी डुलतोय का मोजा. ३३⅓ ला एक फेरा तेवढाच, म्हणजे बहुतेक रेकॉर्डचं भोकच मध्यावर नाही. दुसरी रेकॉर्ड लावून बघाच.

– एसी सिंक्रोनस मोटर असेल तर वेग मेन्सच्या (घरच्या विजेच्या) ५० हर्ट्झवर ठरतो, व्होल्टेजवर नाही, त्यामुळे स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. मला स्प्रिंगचाच संशय येतोय. १९६१ च्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलमध्ये त्याचा रचनाकार एडगर विलचरने प्लॅटर (फिरती थाळी) आणि टोनआर्म एकाच सब-चेसिसवर (आतल्या वेगळ्या चौकटीवर) घेऊन स्प्रिंगवर टांगले, मोटर बाहेर ठेवली, फार सुंदर कल्पना, पण सब-चेसिस आडवा हलला की बेल्टचा ताण बदलतो आणि वेगही. तो सरळ वर-खालीच हलला पाहिजे.

– बेल्ट काढून बघितलं, घरघर मोटरबरोबरच येते! आधी रबर बदलतो, मग स्प्रिंग.